ऑफर लेटरला मार्क किती?

ठाणे, डोंबिवली किंवा कल्याण, कुठल्याही स्टेशनातून बाहेर पडा. क्लासेसच्या बोर्डांच्या रांगेत ‘कॅनडा पीआर’, ‘जॉब ऑफरसह’ असा एखादा बोर्ड दिसतोच. लास्ट इयरच्या ग्रुपवरही तोच प्रश्न फिरत असतो. तिकडची नोकरी हातात असली की कायमच्या वास्तव्याचा अर्ज सोपा होतो का? घरचे एफडी मोडायला निघण्याआधी या प्रश्नाचं नीट उत्तर मिळवा, कारण ते देशागणिक बदलतं. कॅनडाच्या बाबतीत तर ते 25 मार्च 2025 पासून पार उलटलंय.

कॅनडाच्या ‘एक्स्प्रेस एंट्री’त वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांना मिळून 1200 पैकी गुण मिळतात. ज्यांचे जास्त, त्यांना आधी बोलावणं. पूर्वी तिथल्या सरकारने मान्य केलेली जॉब ऑफर असेल, तर 50 गुण जादा मिळायचे. अगदी वरच्या पदांसाठी तर 200. मग जे व्हायचं तेच झालं, ऑफर लेटरचा बाजार भरला. लोक नोकरीसाठी नाही, गुणांसाठी कागद विकत घेऊ लागले. शेवटी कॅनडाने ते गुणच काढून टाकले. म्हणजे आज कुणी ‘लेटर घ्या, 50 पॉइंट वाढतील’ म्हणत असेल, तर तो तुम्हाला शून्य विकतोय.

आता गंमत बघा. समजा, तुम्ही पंचविशीतले, अविवाहित, डिग्री झालेली आणि इथल्या कंपनीतला वर्ष-दीड वर्षाचा अनुभव. आयईएलटीएसमध्ये लिसनिंगला 7.5 आणि बाकी तिन्हींत 6.5 आहेत. पुन्हा बसून चारही भागांत फक्त अर्धा-अर्धा बँड वाढवलात, तर भाषेचे 32 गुण वाढतात. शिवाय शिक्षण आणि अनुभव यांच्याशी भाषेची सांगड घालून मिळणारे प्रत्येकी 12. एकूण 56! लाखो रुपयांच्या त्या लेटरने पूर्वी जेवढे मिळायचे, त्याहून जास्त.

मग ऑफर अगदीच निरुपयोगी का? तसंही नाही. इथेच एजंट लोक गोंधळ घालतात. कुशल कामगारांच्या गटात नुसतं पात्र ठरायला एक वेगळी परीक्षा आहे, 100 पैकी 67 गुणांची. तिथे मान्य ऑफरला अजूनही 10 गुण आहेत. शिवाय कॅनडातल्या एखाद्या प्रांताने तुमची शिफारस केली, तर थेट 600 गुण मिळतात, आणि प्रांतांच्या बऱ्याच योजनांना तिथली नोकरी लागते. पण ती नोकरी खरी हवी. अशा ऑफरसाठी कंपनीला सरकारची जी परवानगी घ्यावी लागते, तिची फी हजार डॉलर, आणि ती कंपनीनेच भरायची. उमेदवाराकडून वसूल करायला तिथे बंदी आहे.

बाकीचे देश? ब्रिटनमध्ये परवानाधारक कंपनीची ऑफर नसेल तर स्किल्ड वर्करचा अर्जच होत नाही. अमेरिकेच्या एच-1बीचंही तेच. वर तिथे वर्षाला 85 हजारांची मर्यादा, आणि सप्टेंबर 2025 पासून भारतातून नव्याने जाणाऱ्यासाठी कंपनीला एक लाख डॉलरचा भुर्दंड. ऑस्ट्रेलियाचा 189 व्हिसा मात्र ऑफर विचारतच नाही.

आपल्यासाठी जास्त जवळचं आहे जर्मनी. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर असे दहा हजार जण पाठवण्याचं लक्ष्य. जर्मनीच्या नेहमीच्या वर्क व्हिसाला ऑफर हवीच. पण जून 2024 पासून ‘संधी कार्ड’ सुरू झालंय. ते घेऊन ऑफरशिवाय जाता येतं आणि वर्षभर तिथे राहून नोकरी शोधता येते. त्यासाठी मान्यताप्राप्त शिक्षण, थोडं जर्मन किंवा बऱ्यापैकी इंग्रजी आणि वर्षाच्या खर्चाची सोय दाखवावी लागते. पण कार्डाला ए-वन पुरतं म्हणून तिथे नोकरीही मिळेल असं नाही. पेशंटशी बोलायचं असेल तर त्याच्या बरंच पुढे जावं लागतं.

आणि कुणी ‘परदेशात नोकरी लावून देतो’ म्हणालाच, तर 1983 च्या उत्प्रवासन कायद्यानुसार त्याची केंद्राकडे नोंदणी लागते. ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर नाव शोधा, दोन मिनिटांचं काम आहे. नोंदणीकृत एजंटलाही तुमच्याकडून 30 हजार रुपये आणि जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही.

एक गोष्ट मात्र कुठलाच बोर्ड सांगत नाही. कॅनडाच्या कुशल कामगार गटासाठी सलग एक वर्षाचा अनुभव लागतोच, म्हणजे रिझल्ट लागल्या लागल्या अर्ज नाहीच. वागळे इस्टेट असो की डोंबिवली एमआयडीसी, पहिली नोकरी सोडताना नुसतं रिलिव्हिंग लेटर घेऊन निघू नका. काय काम केलं, आठवड्याला किती तास, पगार किती, कधीपासून कधीपर्यंत, हे सगळं कंपनीच्या लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी लिहून मागा. दोन-तीन वर्षांनी एचआरमधली माणसं बदललेली असतात, तेव्हा हा कागद मिळवायला नाकी नऊ येतात.