नातीचा पहिला नाताळ

सुनेचे बाळंतपण माहेरी, पुण्यास झाले. सव्वा महिना उलटल्यावर गेल्या आठवड्यात ती बाळाला घेऊन रत्नागिरीस आली, आणि तेव्हापासून आमच्या घरचा फोन थांबलेला नाही. चिपळूणची मंडळी येणार, कोल्हापूरची येणार, मुंबईची दोन बिऱ्हाडे कोकणकन्येची तिकिटे काढून बसली आहेत. आम्हा मराठी ख्रिस्ती घरांत नाताळ म्हणजे करंज्या, शंकरपाळे, चकल्या आणि दारात चांदणीचा कंदील. ज्या रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीते आम्ही गातो, त्यांचे जन्मगाव करजगाव आपल्याच जिल्ह्यातले. यंदा त्यात सात आठवड्यांच्या नातीची भर. प्रत्येकाला तिला उचलून घ्यायचे आहे, तिचा मुका घ्यायचा आहे आणि फोटो काढायचा आहे.

माझे मत असे की, यापैकी फक्त फोटो काढावा.

वाचकांना हा आजोबा तुसडा वाटेल, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी डिसेंबरअखेर ओळखीच्या घरातले पाच आठवड्यांचे बाळ माझ्याकडे आणले. ताप नव्हता, खोकलाही फारसा नव्हता. आई सांगत होती, "दूध पिताना मधेच श्वास घ्यायचा थांबतो, ओठ निळे पडतात." मी तपासत असतानाच एकदा तसे झाले. तळपाय चोळल्यावर श्वास सुरू झाला आणि मी स्वतः गाडीत बसून त्यांना मोठ्या रुग्णालयात पोहोचवले. निदान डांग्या खोकल्याचे ठरले. अठरा दिवसांनी बाळ घरी आले. आज ते सुखरूप आहे. परंतु त्या बाळाच्या आजोबांचा खोकला महिनाभर माझ्याच औषधांवर चालला होता. मी त्यांना बिडी विचारली, दमा विचारला, क्षयासाठी थुंकीही तपासून घेतली. घरात तान्हे मूल आहे काय, एवढे मात्र विचारले नाही. तेव्हापासून खोकल्याच्या रुग्णाला हा प्रश्न मी आधी विचारतो.

डांग्या खोकला आता राहिला नाही, असा समज आहे. तो चुकीचा आहे. लहानपणी घेतलेल्या लशीचा परिणाम काही वर्षांनी ओसरतो. मोठ्या माणसाला हा रोग झाला तर पुष्कळदा नुसता रेंगाळणारा कोरडा खोकला दिसतो. माणूस कामावर जातो, लग्नकार्ये करतो. तेच जंतू तान्ह्याला लागले की खोकण्याऐवजी त्याचा श्वासच थांबू शकतो. बाळाला या रोगाची लस पेंटाव्हॅलंटमधून सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची होताना मिळते. म्हणजे आमच्या नातीला आता कुठे पहिला डोस मिळाला आहे, त्यावर विसंबून राहता येत नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईने टीडॅप ही लस घेतली, तर तिच्याकडून बाळाला जन्मतः काही संरक्षण मिळते. सरकारी केंद्रात गरोदर स्त्रीला देतात ती टीडी लस वेगळी. तीत धनुर्वात आणि घटसर्प येतात, डांग्या खोकला येत नाही. घरात कोणी गरोदर असेल तर हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

शिवाय आरएसव्ही नावाचा विषाणू आहे. निरोगी मोठ्या माणसाला तो बहुधा साध्या सर्दीपलीकडे काही करीत नाही, पण बाळाच्या दोऱ्याएवढ्या श्वासनलिका सुजवून टाकतो. ओठावर तापाचे फोड आलेल्या माणसाने नवजात बाळाचा मुका घेणे तर फारच धोक्याचे.

आपल्या आज्या या बाबतीत शहाण्या होत्या. सव्वा महिना बाळ-बाळंतीण घराबाहेर नाही, आणि बाहेरून आलेल्याने हातपाय धुतल्याशिवाय त्यांच्या खोलीत पाऊल टाकायचे नाही. बायबलातही मरीया बाळाला यरुशलेमेच्या मंदिरात नेते ती शुद्धीकरणाचे दिवस भरल्यावर, आणि मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे मुलगा झाल्यास ते चाळीस होतात. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी गव्हाणीचा देखावा उभा केला. आज जगभर तसे देखावे मांडतात. त्यांत मेंढपाळ आणि पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष गुडघे टेकून असतात व बाळ आपले गव्हाणीत असते. पाहुण्यांपैकी कोणी त्याला या हातातून त्या हातात देत आहे, असा देखावा मी तरी पाहिलेला नाही.

अर्थात जुने ते सगळेच सोने नाही. अंघोळीनंतरची धुरी, मच्छर अगरबत्ती, दोन्ही बाळाच्या छातीला वाईट. मध वर्षभर चाटवू नये. त्यातून बोट्युलिझम नावाचा स्नायू लुळे पाडणारा आजार तान्ह्यांना होऊ शकतो. माझ्या शिक्षणाच्या काळात चौथ्या महिन्यापासून वरचे अन्न चालते, असे शिकवीत. २००१ पासून जागतिक आरोग्य संघटना पूर्ण सहा महिने फक्त आईचे दूध सांगते. तेव्हा "सणाचं आहे, जिभेला लावू दे" म्हणून केकचे क्रीम, गुटी, पाणी काहीही नको.

आता जे सांगण्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. हे सारे आजच्या सुनांना ठाऊक असते. पण खोकणाऱ्या चुलतसासऱ्यांना "बाळाला घेऊ नका" हे पंचविशीतल्या मुलीने कसे सांगावे? सांगितले तर ती शिष्ट, आणि नाही सांगितले व बाळ आजारी पडले तर निष्काळजी. दोन्हीकडून बोल तिलाच. म्हणून नकार देण्याचे काम घरातल्या ज्येष्ठांनी, विशेषतः आजोबांनी करावे. दाराशी साबण-पाणी ठेवावे, सर्दी-खोकला असलेल्याला पडवीत बसवून करंजी द्यावी, आणि बाळ आईजवळ आहे, इथूनच पाहा, असे हसत सांगावे. माझे नाव पुढे केले तरी चालेल. वाईटपणा घेण्याची मला सवय आहे. मास्कचीही आता लाज वाटायला नको, २०२० साली आपण सगळ्यांनीच तो बांधला होता. बारशाला आणि गणपतीतही हेच लागू.

बाळ दूध ओढेनासे झाले, फार झोपाळले, श्वास घेताना छातीखाली खळगा पडू लागला, तर सण बाजूला ठेवून निघावे. शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत साठ किंवा अधिक भरले, अथवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश किंवा त्याहून अधिक ताप आला, तर सकाळची वाट पाहू नये. अंग फार गार पडले तरी तसेच.

माझ्या थोरल्या बहिणीला तीन आठवडे खोकला आहे. फोनवर मी तिला थांबायला सांगितले, तर म्हणाली, "मी नातीचं तोंडही बघायचं नाही का? आणि तू रे, दिवसभर खोकणारी माणसं तपासून घरी येतोस, तुझं काय?" याला उत्तर नव्हते. त्या दिवसापासून दवाखान्यातून आल्यावर अंघोळ करून, कपडे बदलून, मास्क लावून मी खोलीच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकतो. ताई दोन दिवस रागावली होती. काल तिचा डबा एस.टी.ने आला, अनारशांचा. वर एक विणलेले टोपडे, आणि चिठ्ठी की खोकला पूर्ण थांबल्यावर येते. टोपडे धुऊन उन्हात टाकले आहे.