शिखरावरची नोंदवही

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातले माउंट वॉशिंग्टन हे शिखर १,९१७ मीटर उंचीचे, म्हणजे आपल्या कळसूबाईहून थोडेच उंच. पण तेथील हवामान विलक्षण उग्र. १९३२ पासून या शिखरावर वेधशाळा आहे. तेथील निरीक्षक दर तासाला, अगदी मध्यरात्रीही, बाहेर जाऊन तापमान, आर्द्रता, दृश्यमानता पाहतात व लिहून ठेवतात. थंडीत उपकरणांवर हिमाचे थर चढतात. ते ठोकून काढल्याखेरीज मोजमाप खरे येत नाही.

१२ एप्रिल १९३४ रोजी याच शिखरावर ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा झोत नोंदला गेला. एवढा आकडा सहजासहजी कोण मानणार? वायुवेगमापक नंतर पुन्हा तपासण्यात आला, तेव्हाच त्या नोंदीवर विश्वास बसला.

घरातील ज्येष्ठांच्या प्रकृतीच्या नोंदीलाही हाच न्याय लावावा. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. पाठीला आधार, पावले जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर असावा. मोजताना बोलू नये. आधीचा अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू टाळावी. वेळ शक्यतो रोज तीच असावी आणि घरचे यंत्र अधूनमधून डॉक्टरांकडे नेऊन पडताळून घ्यावे.

आकडा दिसेल तसाच लिहावा. मुलांना काळजी नको म्हणून वाढलेला रक्तदाब न सांगणारे आजी-आजोबा घरोघरी आहेत. त्यामागची माया खरी असली, तरी डॉक्टरांपुढे अर्धेच चित्र जाते. उठताना चक्कर आली, रात्री झोप लागली नाही, एखादी गोळी राहून गेली, हेही आकड्याशेजारी लिहावे. मात्र नोंदीवरून औषधाची मात्रा आपल्या मनाने बदलू नये. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे दिसल्यास वही बाजूला ठेवून त्वरित रुग्णालय गाठावे.

या वेधशाळेची आणखी एक रीत मोलाची आहे. तेथील तुकडी आठ दिवस शिखरावर राहते. बुधवारी नवी तुकडी वर येते, कामाची माहिती समजून घेते आणि जुनी तुकडी खाली उतरते. कितीही निष्ठावंत असला, तरी तेथे कोणी अखंड पहारा देत नाही.

आपल्या घरांत मात्र पत्नी, सून किंवा मुलगी वर्षानुवर्षे एकटीच शिखरावर उभी असते. 'तिलाच सगळे ठाऊक' या वाक्यात कौतुक असते, तशीच तिची कोंडीही असते. गोळ्यांच्या वेळा, पथ्य, डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक, रात्रीच्या सवयी वहीत उतरल्या, की दीर, भाऊ वा नातवंडे दोन दिवस निर्धास्तपणे भार उचलू शकतात. येत्या बुधवारी कोण वर चढणार, हे आज घरात बसून ठरवावे.