आधी दवंडी, मग ड्रोन

हौशी ड्रोनवाल्यांच्या कुठल्याही घोळक्यात पाच मिनिटं उभे राहा, एक वाक्य हमखास कानावर पडतं. "अरे, दोनशे एकोणपन्नास ग्रॅमचा आहे, ह्याला काही लागत नाही!" म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर इन्कम टॅक्समध्ये पळवाट सापडलेल्या माणसाचा आनंद असतो. मी स्वतः हौशी ड्रोनवाला आहे (पोटापाण्याला कोडिंग), आणि हे वाक्य आता माझ्या डोक्यात जायला लागलंय. म्हणून या वीकांताला जरा स्पष्टच लिहितो.

आधी हे वाक्य खरं किती ते बघू. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी वजनावरून वर्ग पाडले. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो, मग २५ किलोपर्यंत स्मॉल, असं वर वर चढत जातं. नॅनोला टाइप सर्टिफिकेट नको, विमा नको, रिमोट पायलट सर्टिफिकेट नको. मायक्रोवालासुद्धा पैसे न घेता निव्वळ हौसेखातर उडवत असेल, तर त्याला पायलट सर्टिफिकेट माफ. ही २५० ग्रॅमची रेघ इतर देशांतही आहे, म्हणून कंपन्या बरोब्बर २४९ ग्रॅमचा ड्रोन बनवतात. आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्ट केस पास होईल एवढाच कोड लिहिलाय.

पण "काही लागत नाही" हे कुठे लिहिलंय? हिरव्या क्षेत्रातली ४०० फुटांची मर्यादा नॅनोलाही आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते, आणि ५ ते ८ किलोमीटरमध्ये तर जमिनीपासूनच परवानगी लागते. लाल क्षेत्र सगळ्यांनाच लाल. शिवाय पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल ठरवू शकतो. तिथे तुमचा वजनकाटा बघायला कोणी येत नाही.

"पण खेड्यात कसलं विमान आणि कसलं विमानतळ?" हा पुढचा प्रश्न. माझं आजोळ वरवंड, दौंड तालुका. पुण्याहून सोलापूर रस्त्याने यवत, चौफुला ओलांडून साठेक किलोमीटर. तिथून बारामतीची धावपट्टी फार लांब नाही, आणि बारामतीला पोरं-पोरी विमान चालवायला शिकतात. २५ जुलै २०२२ ला असंच एक शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत शेतात कोसळलं होतं. त्या अपघाताशी ड्रोनचा काडीचाही संबंध नव्हता. पण उसावरचं आभाळ रिकामंच असतं ही आपली समजूत आहे, वस्तुस्थिती नाही, एवढं त्यावरून कळायला हरकत नाही.

बरं, विमानंही घटकाभर बाजूला ठेवू. माझा खरा मुद्दा आभाळाचा नाहीच, खालच्या माणसाचा आहे.

२०२४ चा जून-जुलै आठवतोय? पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, शिरूर, आंबेगाव, जुन्नर, दौंड, बारामतीकडे, रात्री-अपरात्री वस्त्यांवर ड्रोन घिरट्या घालतात म्हणून एकच घबराट उडाली होती. तसंच लोण बीड, जालन्याकडेही. विधिमंडळाच्या पावसाळी अधिवेशनातही विषय निघाला. आपण पुण्यात गाद्यांवर लोळत त्याचे मीम बघत होतो. गावात तरणी पोरं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन रात्रभर गस्त घालत होती. ड्रोनवाले आधी घरं हेरतात आणि मग चोर येतात, असा लोकांचा समज झाला होता. खुळचट वाटतो ना? मग जरा त्यांच्या जागी उभं राहून बघा. शेतीपंपाची वीज कित्येकदा रात्रीची. उसाला दारं धरायला माणूस एकटा बाहेर पडतो. बिबट्याची भीती आधीच उशाला. घर गावठाणापासून लांब, रानात. अशा वेळी डोक्यावर एक लाल-हिरवा दिवा भुणभुणत येतो, थांबतो, बघतो आणि निघून जातो. कोणाचा? कशाला आला होता? परत येणार का? विचारायचं कोणाला?

मामा म्हणाले, "चोर दिसला असता तर बरं वाटलं असतं रे. ह्याला तोंडच नाही." ह्या एका वाक्यात ड्रोनच्या नियमांचं सगळं मर्म आलं, असं मला वाटतं. माणूस यंत्राला घाबरत नाही. तोंड नसलेल्या नजरेला घाबरतो.

पटत नसेल तर ह्याच जिल्ह्यातलं उलटं उदाहरण घ्या. गावठाणांची ड्रोनने मोजणी करायचा प्रयोग आपल्या राज्यात झाला तो पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत, मल्हारगडाच्या पायथ्याशी. पुढे २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना आली आणि गावोगाव ड्रोन उडाले. त्याची पद्धत काय होती? आधी ग्रामसभा, माहिती, दवंडी. मग लोकांनी आपापल्या मिळकतीच्या कडेने चुन्याच्या रेघा आखायच्या, म्हणजे वरून हद्द दिसेल. आणि मग ड्रोन. लक्षात घ्या, ज्या नजरेला लोक २०२४ मध्ये काठ्या घेऊन शोधत होते, तिलाच दिसावं म्हणून आधी लोकांनी स्वतःच्या हाताने अंगणात चुना टाकला होता! कॅमेरा तसाच, पंखे तसेच, भुणभुण तशीच. फरक एवढाच की एकदा दवंडी झाली होती आणि एकदा नाही.

म्हणून मी म्हणतो, ड्रोनचे नियम म्हणजे मुळात दवंडीच. नोंदणी क्रमांक काय सांगतो? हा अमक्याचा आहे. उंचीची मर्यादा काय सांगते? हा इथपर्यंतच येईल. नकाशा काय सांगतो? हा इथे असू शकतो, तिथे नाही. अमेरिकेत तर नोंदणी लागणाऱ्या ड्रोनने स्वतःची ओळख आणि ठिकाण रेडिओवरून सतत प्रक्षेपित करायचं, असा नियमच सप्टेंबर २०२३ मध्ये लागू झाला आणि मार्च २०२४ पासून त्याची अंमलबजावणी कडक झाली. इलेक्ट्रॉनिक दवंडी! (तरीही डिसेंबर २०२४ मध्ये न्यू जर्सीत गूढ ड्रोन दिसल्याचा हलकल्लोळ झालाच. त्यातली बरीच विमानं, हेलिकॉप्टरं आणि चक्क तारे निघाले. तेव्हा शिरूरच्या लोकांना हसण्याआधी न्यू जर्सीकरांना हसून घ्या.)

आता वरवंडचाच सगळ्यात मोठा मोह. तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत असे मुक्काम करत वरवंडला येते. दुसऱ्या दिवशी पाटसवरून रोटी घाट चढून उंडवडीकडे जाते. घाटाच्या चढाला रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, मागे-पुढे दिंड्या, भगव्या पताका, वळणावळणाचा रस्ता. कॅमेरा हातात असलेल्या माणसाला वेड लागावं असं दृश्य! वारी वरून बघायची ओढ काही ड्रोनने आणलेली नाही. उद्धव ठाकऱ्यांचं 'पहावा विठ्ठल' हे वारीच्या छायाचित्रांचं पुस्तक २०११ चं, त्यातली आकाशातून घेतलेली चित्रं आठवा. पण ते हेलिकॉप्टर होतं. एक होतं, परवानगीचं होतं. आता दर वीकांताला पुण्यातून निघणाऱ्या प्रत्येक पाठपिशवीत एक हेलिकॉप्टर आहे.

आणि इथे "दोनशे एकोणपन्नास ग्रॅम" परत येतं. "पडला तरी काय होणार, एवढुसा तर आहे." चला, बारावीचं फिजिक्स काढू. समजा पंखे बंद पडले आणि हवेचा अडथळा धरून ड्रोन ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने, खाली आला. गतिज ऊर्जा साधारण ५० ज्यूल. १६० ग्रॅमचा सीझनचा बॉल ताशी ९० किलोमीटरने आला तर त्याचीही ऊर्जा ५० ज्यूलच. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चाललेल्या सत्तर वर्षांच्या आजींकडे तुम्ही ताशी नव्वदने सीझनचा बॉल टाकाल का? हेल्मेट नाही, पॅड नाही, बॉल येतोय हे माहीतही नाही. आणि तो रथाच्या बैलांपुढे पडला तर? एक बैल बिथरला की घाटातली गर्दी कुठे पळणार?

"पडत नाही रे, रिटर्न टू होम असतं." असतं ना. पण बरेचसे ड्रोन ज्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात बोलतात, त्याच पट्ट्यात वायफाय, ब्लूटूथ आणि लोकांचे हॉटस्पॉट असतात. हजारो मोबाइल खिशात घेतलेल्या गर्दीवर तो पट्टा किती निवांत असेल, हे इंजिनिअर माणसाला सांगावं लागू नये. ब्रिटनमध्ये म्हणूनच गर्दीवर ड्रोन नेऊ नका, मग तो कितीही हलका असो, असा सरळ नियम आहे. वजनाची सूट तिथे संपते.

बाकी खासगीपणाचं काय बोलावं. वस्तीवरच्या घरांना मागे न्हाणी असते, चार बाजूंनी आडोसा आणि वर आभाळ. हजार वर्षं वरून कोणी बघणार नाही ह्या हिशेबाने बांधलेली. तुम्ही 'सिनेमॅटिक शॉट' म्हणून शंभर फुटांवरून जाता, तेव्हा तुमच्या मनात काही नसेलही. पण खालच्या बाईला ते कसं कळणार? भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये बाईला तिच्या खासगी क्षणी चोरून बघणं किंवा टिपणं हा गुन्हा आहे, आणि ती वेळ खुलासे करत बसण्याची नसते.

आता सरकारची बाजू घेतोय असं वाटायला लागलं असेल, तर तेही फेडून टाकतो. आपल्या सरकारने ह्या छंदाचा जो खेळ मांडला त्याला तोड नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये एका सूचनेने नागरी ड्रोन बंद. नियम यायला १ डिसेंबर २०१८ उजाडला. मार्च २०२१ मध्ये नवे नियम, २५ फॉर्म आणि ७२ प्रकारच्या फिया. पाच महिन्यांत तेही रद्द, ऑगस्टमध्ये फॉर्म ५ आणि फिया ४. हे चांगलं झालं म्हणेपर्यंत ९ फेब्रुवारी २०२२ ला तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी. म्हणजे मायक्रो वर्गातला परदेशी ड्रोन ज्याच्याकडे आहे त्याला टाइप सर्टिफिकेटशिवाय नोंदणीचा सरळ रस्ता नाही, आणि तेच ड्रोन बाजारात मात्र राजरोस. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या कायद्याचा मसुदा आला, त्यात तर तुरुंगवासही सुचवलेला. प्रामाणिक माणसाला रांगेत उभं करायचं आणि खिडकी बंद करायची, अशातला हा प्रकार. ह्यावर भांडलंच पाहिजे. हरकती पाठवा, खासदाराला लिहा, माहिती अधिकारात विचारा. मी तुमच्या बरोबर आहे.

पण खिडकी बंद आहे हे रोटी घाटातल्या गर्दीवर ड्रोन नेण्याचं कारण होऊ शकत नाही. फॉर्म वाईट आहे, म्हणून खालची आजी तुमची देणेकरी होत नाही. उलट आपलं प्रत्येक बेजबाबदार उड्डाण सरकारच्या हातात आयतं कोलीत देतं. पोलिसांना सरसकट बंदीचा आदेश काढणं सगळ्यात सोपं असतं, आणि तो काढायला त्यांना चोर लागत नाहीत. आपण पुरतो.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. गावात उडवायचं असेल तर आधी नकाशा बघा, आणि दर वेळी बघा, कारण तो बदलतो. दिवसाउजेडी उडवा. ग्रामपंचायतीत किंवा पोलीस पाटलांना सांगा: मी अमका, हा माझा नंबर, तळ्याकडे अर्धा तास उडवणार आहे. उडवताना लोकांना दिसेल असे उभे राहा, गाडीत काचा वर करून बसू नका. कोणी विचारायला आलं तर स्क्रीन दाखवा. पोरं येतीलच, त्यांना त्यांचं गाव वरून दाखवा. कोणी नको म्हणालं तर खाली घ्या, वाद नको. पालखीच्या दिवशी पिशवी उघडूच नका, चालत जा.

ह्यातल्या निम्म्या गोष्टी कुठल्याच नियमात लिहिलेल्या नाहीत. नसू देत. दवंडी द्यायला कोणी परवाना मागत नाही, ती फुकट आहे, आणि तिला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. एवढंही ज्याला जड वाटतं, त्याने आपल्या ड्रोनचं वजन मला सांगू नये.

चूभूद्याघ्या.