फुफ्फुसाचा आजार, मग किडनी कशी गेली?

करोनाच्या लाटा ओसरून वर्षे झाली, तरी एक प्रश्न अजून घराघरांतून विचारला जातो. “अब्बांना खोकला होता, दम लागत होता. ऑक्सिजनवर ठेवले होते. मग डॉक्टर अचानक डायलिसिसचे का बोलू लागले?”

चूक झाली असेल, असे अनेकांना वाटते. बहुतेक वेळा तसे नसते. विषाणूचा आजार गंभीर झाला की सूज साऱ्या शरीरात पसरते. रक्तदाब उतरतो, ताप आणि जुलाबाने पाणी कमी होते, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. काही औषधांचाही भार पडतो. किडनीला रक्त कमी पोचते आणि ती काही तासांत किंवा दिवसांत मंदावते. न्यूयॉर्क भागातील रुग्णालयांत २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये दाखल झालेल्या ५,४४९ करोना रुग्णांची पाहणी झाली. त्यांतल्या सुमारे ३७ टक्क्यांच्या किडनीला इजा झाली होती. व्हेंटिलेटरवर असलेल्यांत हे प्रमाण जवळजवळ ९० टक्के होते.

अशी किडनी पुष्कळदा पुन्हा कामाला लागते. मात्र तोवर रुग्णाला तगवून धरावे लागते. देशाची श्रीमंती-गरिबी इथेच आडवी येते. डायलिसिसच्या एका चार तासांच्या फेरीला सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी लागते. शिवाय यंत्र, अखंड वीज आणि शिकलेली नर्स लागते. अतिगंभीर रुग्णासाठी श्रीमंत देशांत दिवसरात्र हळूहळू चालणारे डायलिसिस असते. गरीब देशांत पुष्कळ ठिकाणी साधे यंत्रही दुसऱ्या शहरात असते, आणि तिथे पोचेपर्यंत वेळ निघून जातो.

पण पैसा म्हणजे सारे काही नव्हे. त्याच २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत डायलिसिसची यंत्रे, द्रव आणि नर्स अपुऱ्या पडल्या. तेव्हा काही ठिकाणी पोटातून करायचे डायलिसिस पुन्हा सुरू करावे लागले. या पद्धतीत पोटात नळी घालून द्रव सोडतात व काढतात. तिला मोठे यंत्र लागत नाही, हाताने करता येते, वीज नसली तरी चालते. आफ्रिका व आशियातील गरीब भागांत याच पद्धतीने जीव वाचवण्यासाठी २०१२ पासून ‘सेव्हिंग यंग लाइव्ह्ज’ हा उपक्रम चालू आहे.

आकडे वाचतानाही सावध असावे. जिथे रक्तातील क्रिएटिनिन वारंवार तपासले जात नाही, तिथे किडनीची इजा कागदावर येतच नाही. आकडा कमी दिसतो आणि माणूस मात्र जातो.

आपल्याकडे २०१६ पासून पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांना मोफत डायलिसिस मिळते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस आहे. रुग्ण दाखल करताना रेशनकार्ड व आधार सोबत ठेवा आणि योजनेची चौकशी पहिल्याच दिवशी करा. दागिने गहाण ठेवण्याची वेळ आल्यावर नको.

आणि ज्याला एक पैसाही लागत नाही ते काम घरच्यांचेच. आजाऱ्याच्या लघवीकडे लक्ष ठेवा. साठ किलो वजनाच्या माणसाला सलग सहा तास तासाला ३० मिलिलिटरपेक्षाही कमी, म्हणजे सहा तासांत एक लहान पेलाभरही लघवी झाली नाही, तर तो धोक्याचा इशारा आहे. सकाळपर्यंत थांबू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. ताप-जुलाब असताना अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून मनाने आणून देऊ नका. मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांच्या बाबतीत तर मुळीच नको.

रुग्ण घरी आला की सारे संपले असेही नाही. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन व लघवीची तपासणी पुन्हा करून घ्या. रमजान जवळ असेल तर रोजे धरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. आजाऱ्याला सवलत आहे, ती घेण्यात संकोच कसला?

देश श्रीमंत व्हायला पिढ्या लागतात. लघवी मोजायला घरातला एक जुना पेला पुरतो.