गुडघ्याआधी सायकल तपासा

गेल्या काही वर्षांत माझ्या कर्वेनगरच्या दवाखान्यात एक नव्या तऱ्हेचा रुग्ण दिसू लागला आहे. वय चाळीस ते पन्नास, काम खुर्चीवर बसून करण्याचे, वजन थोडे वाढलेले, रक्तदाब किंवा साखर नुकतीच सापडलेली. कोणीतरी डॉक्टरांनी "व्यायाम करा, सायकल चालवा" असे सांगितलेले असते. गृहस्थ उत्साहाने जाऊन जाड टायरची, एकवीस गियरची माउंटन बाइक घेऊन येतात. पहिल्या आठवड्यात वारज्यापर्यंत फेरी होते, दुसऱ्या आठवड्यात चांदणी चौकाचा चढ, आणि तिसऱ्या आठवड्यात ते गुडघा धरून माझ्यापुढे हजर होतात. हातात एक्स-रे असतो आणि तो बहुधा वयाला साजेसाच असतो. प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, मला सायकल मानवत नाही. बंद करू का?"

पूर्वी मी गोळ्या आणि विश्रांती सांगून मोकळा होत असे. आता मी विचारतो, "सायकल खाली आणली आहे का?" आणली असेल तर जिना उतरून तिच्याजवळ जातो. बहुतेक वेळा दुखण्याचे कारण गुडघ्यात नसते, सायकलीतच सापडते.

माझे मत स्पष्ट आहे. "सायकल चालवा" एवढेच सांगून थांबणारा डॉक्टर म्हणजे औषधाचे नाव सांगून मात्रा न सांगणारा डॉक्टर. सायकल हा उत्तम व्यायाम आहे, हृदयाला आणि साखरेला तर आहेच, शिवाय शरीराचा बराचसा भार सीटवर राहत असल्याने गुडघ्यालाही तो पळण्यापेक्षा सोसतो. पण पुण्यासारख्या टेकड्यांच्या गावात तीन गोष्टी नीट नसतील तर हेच औषध बाधते. त्या तीन गोष्टी म्हणजे सीटची उंची, चढावरचा गियर आणि उतारावरचा ब्रेक. यांतल्या एकीलाही फारसा पैसा लागत नाही.

सीट

बहुतेक जण सीट खाली ठेवतात. थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीवर टेकावेत ही त्यांची अपेक्षा असते. भीती समजण्यासारखी आहे, पण त्यामुळे पायडल मारताना गुडघा सतत जास्त वाकलेला राहतो. गुडघा जितका अधिक वाकवून जोर लावाल, तितकी गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर अधिक दाबली जाते. हजारो वेळा असे झाले की वाटीच्या पुढच्या बाजूला दुखू लागते. उलट सीट फार उंच असेल तर गुडघ्याच्या मागे ओढ बसते आणि कंबर डावी-उजवीकडे डुलते.

घरच्या घरी करता येईल अशी तपासणी सोपी आहे. सायकल भिंतीला टेकवून तिच्यावर बसा. एक पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात थोडासाच, साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. तेवढाच हवा. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकण्याची सवय दोन दिवसांत होते.

मुलांच्या बाबतीत तर आपण फारच चुकतो. "वाढते अंग आहे" म्हणून कपडे मोठे घ्यावेत तशी सायकलही मोठी घेतो. सैल सदऱ्याने अपघात होत नाही, मोठ्या सायकलीने होतो. मुलाला दांडीवरून सहज उतरता आले पाहिजे आणि ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटे पोचली पाहिजेत.

चढ

दुसरी चूक गियरची. "हलका गियर टाकला की पाय नुसते फिरतात, व्यायाम होत नाही," असा एक समज आहे. तो चुकीचा आहे.

थोडे गणित पाहू. माउंटन बाइकला पुढे २२ दात्यांचे लहान चक्र आणि मागे ३४ दात्यांचे मोठे चक्र लावले, तर पायडलच्या एका फेऱ्यात २६ इंची चाकाची सायकल सुमारे १.३ मीटर पुढे जाते. पुढे ४४ आणि मागे ११ दाते लावले तर तीच सायकल सुमारे ८ मीटर जाते. म्हणजे सहापट अंतर, आणि अर्थात प्रत्येक फेऱ्याला सहापट जोर. आपल्या वडिलांच्या साध्या काळ्या सायकलीला एकच गियर असे. पुढे ४४, मागे १८ दाते आणि २८ इंची चाक धरले तर ती एका फेऱ्यात साधारण साडेपाच मीटर जाई. पेठांच्या सपाट रस्त्यांना ते ठीक होते, चांदणी चौकाच्या चढाला नाही.

मिनिटाला साठ-सत्तर फेरे सहज मारता येतील असा गियर चढावर असावा. पायडल अडखळत, दात-ओठ खाऊन फिरवावे लागत असेल तर तो गियर जड आहे, आणि त्याची किंमत गुडघा देतो. हलक्या गियरवर वेग चालण्याइतका राहील, राहू द्या. हृदयाला हवा तो व्यायाम त्यात पुरेपूर होतो. तो योग्य प्रमाणात होतो आहे की नाही, याची खूण अशी की धाप लागली तरी एखादे वाक्य बोलता आले पाहिजे.

गियर बदलायचा तो चढ सुरू होण्याआधी. अर्ध्या चढावर, पायडलवर सारा भार असताना गियर बदलला तर चेन करकरते, घसरते, प्रसंगी तुटते. आणि पुढचे सर्वांत लहान व मागचे सर्वांत लहान, किंवा दोन्हीकडची सर्वांत मोठी, अशी जोडी लावू नये. त्यात चेन तिरकी ओढली जाऊन लवकर झिजते.

यावर कोणी म्हणेल, "डॉक्टर, आम्हाला गियरची सायकल परवडत नाही." तर अजिबात घेऊ नका. साध्या सायकलीवर सपाट रस्त्याला चालवा आणि चढ आला की खाली उतरून चाला. त्यात कमीपणा कसला? आपल्या भागाला ज्यांचे नाव आहे ते महर्षी कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत आणि १९०० साली हिंगण्याला नेलेल्या आश्रमासाठी शहर ते हिंगणे अशी पायपीट करीत. १९६२ साली ते गेले तेव्हा त्यांचे वय १०४ वर्षांचे होते. सायकल हातात धरून चांदणी चौक चढणाऱ्याला हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

उतार

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती मी स्वतः मोडून घेतलेल्या मनगटाच्या आधाराने सांगतो.

कर्वेनगरहून राजाराम पूल ओलांडून खडकवासला, डोणजे आणि पुढे सिंहगड हा सायकलवाल्यांचा आवडता रस्ता. घाट साधारण नऊ किलोमीटरचा, आणि त्यात सहाशे मीटरच्या आसपास चढ. चढताना सगळे जण जपतात, धाप लागते म्हणून आपोआपच जपले जाते. उतरताना मात्र श्रम नसल्याने धोका नाही असे वाटते. माझ्या पुढच्या ब्रेकची वायर लिव्हरजवळ विसविशीत झालेली मी पंधरा दिवस आधी पाहिली होती. "या रविवारी बदलू" म्हणत राहिलो. मागच्या ब्रेकचे रबर झिजले होते, तेही ठाऊक होते. उतारावर पहिले दोन किलोमीटर मी मागचा ब्रेक सतत दाबूनच ठेवला. तो मंदावू लागला तसा एका वळणावर पुढचा जोरात दाबला आणि वायर तुटली. दरीच्या बाजूला न जाता डोंगराकडच्या गटारात सायकल घालण्याची बुद्धी झाली म्हणून आज हे लिहितो आहे. सहा आठवडे प्लास्टर होते. दवाखान्यात येणारा प्रत्येक रुग्ण आधी माझीच विचारपूस करी. शंभर रुपयांच्या आत मिळणारी वायर मी वेळेवर बदलली नव्हती. दोष सर्वस्वी माझा.

उतारावर ब्रेकला काय सोसावे लागते याचा आपल्याला अंदाज नसतो. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो वजन सहाशे मीटर खाली आणायचे, तर जेवढी ऊर्जा मोकळी होते तेवढीने सुमारे पावणेदोन लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत तापेल. काही भाग वारा खातो. उरलेली उष्णता ब्रेकचे रबर, रिम किंवा डिस्क यांच्यातच जाते.

माउंटन बाइकचा जन्मच या तापलेल्या ब्रेकच्या आसपास झाला, असे म्हटले तरी चालेल. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून मातीच्या रस्त्याने उतरत. १९७६ पासून त्यांनी तेथे शर्यती लावल्या. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. एका उतारात तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि खाली आल्यावर ते नव्याने भरावे लागे. त्यावरून त्या शर्यतीचेच नाव 'रीपॅक' पडले, म्हणजे 'पुन्हा भरा'. धाडसी पोरे होती, पण ती प्रत्येक उतारानंतर ब्रेक उघडून बघत. आपण वर्षभर बघत नाही.

उतरताना दोन्ही ब्रेक वापरावेत. वळणाच्या आधी दाबून वेग कमी करावा आणि मग सोडून द्यावेत, म्हणजे त्यांना थंड व्हायला अवसर मिळतो. सतत अर्धवट दाबून ठेवू नयेत. उतारावर भार पुढच्या चाकावर येत असल्याने थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेक करतो. म्हणून तो टाळायचा नाही, पण एकदम आवळायचाही नाही. शरीर सीटवर थोडे मागे सरकवावे. खडी, माती किंवा ओला रस्ता असेल तर वळणावर ब्रेक नकोच. हात भरून आले तर थांबावे. थांबल्यावर डिस्कला हात लावू नये, ती चटका देते. हेल्मेट तर हवेच, आणि त्याचा पट्टा बांधलेला हवा.

आठवड्याची दहा मिनिटे

रविवारी सकाळी निघण्यापूर्वी दहा मिनिटे काढून पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. दोन्ही ब्रेकचे लिव्हर दाबून पाहा. लिव्हर हँडलला टेकत असेल तर वायर ओढून घ्या. वायरची एक तार जरी सुटलेली दिसली तरी वायर बदला. रबरावरच्या खाचा पुसल्या गेल्या असतील तर रबर बदला.

२. पुढचे चाक उचलून फिरवा. ते डुगडुगत असेल किंवा ब्रेकला घासत असेल तर कारागिराकडे न्या. चाकाच्या आसाची खटकी घट्ट बंद आहे ना, ते पाहा.

३. टायर अंगठ्याने दाबून पाहा. टेकडीवर जाऊन आल्यावर टायरमध्ये बाभळीचे काटे शोधा. आज काढलेला काटा उद्याचे पंक्चर वाचवतो.

४. चेन कोरड्या फडक्याने पुसा, थेंब थेंब तेल सोडा आणि वरचे जादा तेल पुन्हा पुसून टाका. तेलाने माखलेल्या चेनला धूळ चिकटते आणि ती कानशीसारखी दाते घासते. पावसाळ्यात चिखलातून आल्यावर हे त्याच दिवशी करा. रिमला किंवा डिस्कला तेलाचा हातही लागू देऊ नका.

५. दोन-तीन महिन्यांनी चेन मोजा. एका पिनेच्या मध्यापासून बारा इंचांवर, नव्या चेनमध्ये, बरोबर दुसऱ्या पिनेचा मध्य येतो. तो इंचाच्या सोळाव्या भागाने पुढे सरकला असेल तर चेन बदला. उशीर केलात तर चक्रेही बदलावी लागतील.

हे फार वाटत असेल तर कर्वेनगरातल्याच 'विक्रम पेंडसे सायकल्स'च्या संग्रहालयात एकदा जाऊन या. महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली घडीची बीएसए सायकलही तेथे पाहायला मिळते. इतक्या जुन्या वस्तू टिकल्या त्या कोणीतरी त्यांना वेळेवर पुसले, तेल दिले म्हणून.

शरीराचे इशारे

शेवटी डॉक्टर म्हणून काही सूचना. चाळिशी उलटलेल्यांनी आणि रक्तदाब, मधुमेह किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी घाट चढण्याआधी तपासणी करून घ्यावी. चढताना छातीत आवळल्यासारखे झाले, दुखणे जबडा किंवा डाव्या हाताकडे गेले, दरदरून घाम फुटला, तर "पित्त असेल" म्हणून पुढे रेटू नका. थांबा आणि सरळ रुग्णालय गाठा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी आणि एकट्याने घाटात जाऊ नये. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल तर तळहातावर फार भार पडतो आहे. हँडल थोडे वर घ्या आणि पकड बदलत राहा. बैठकीचा भाग बधिर होत असेल तर सीटचे टोक वर गेलेले आहे, ते समतल करा. हे उपाय करूनही पंधरा दिवसांत दुखणे थांबले नाही, किंवा गुडघा सुजला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

मी माझ्यापुरता नियम केला आहे. सायकल चालवा असे ज्याला सांगतो, त्याला पुढच्या भेटीला सायकल घेऊनच ये असेही सांगतो. माझ्या व्यवसायबंधूंनीही हे करून पाहावे. आणि वाचकांना एवढीच विनंती की हा अंक बाजूला ठेवल्यावर आजच घरातल्या सायकलींचे दोन्ही ब्रेक दाबून पाहा, मुलांच्या सायकलीपासून सुरुवात करा.