कबुली दिली, पण परत केले का?

‘पाप करा, फादरला सांगा आणि मोकळे व्हा!’ ख्रिस्ती पापकबुलीची ही थट्टा नवी नाही. कोल्हापुरात तिला वेगळी धार चढते. 1911 साली शाहू महाराजांच्या पाठबळाने ज्या गावात पुरोहिताची मध्यस्थी नाकारणाऱ्या सत्यशोधक समाजाची शाखा उभी राहिली, तिथे देव आणि माणूस यांच्यामधला दलाल कुणाला खपणार?

पण थट्टा करणाऱ्यांनी सिनेमातली जाळीची खिडकी पाहिलेली असते, गावातली उपासना नव्हे. 1852 साली इथे आलेल्या रॉयल वायल्डर यांच्या मिशनमधून वाढलेली इथली मंडळी प्रेस्बिटेरियन परंपरेची. त्या परंपरेत पाळकाच्या कानात पाप सांगण्याचा संस्कारच नाही. पाळकासह सारे जण एकत्र देवापुढे कबुली देतात. दलालाचा आक्षेप इथे लागूच होत नाही.

कॅथलिकांत फादर असतो, हे खरे. पण तिथेही नुसत्या सांगण्याने सुटका नाही. मनापासून पश्चात्ताप हवा, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा आणि चोरी केली असेल तर चोरलेले परत करायला हवे. शुभवर्तमानातला जकातदार जक्कय येशूपुढे नुसता पश्चात्ताप करून थांबला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परतफेड, असे त्याने उभ्या उभ्या जाहीर केले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: क्षमेमुळे गुन्हेगाराचे फावते. 1999 साली ओडिशात मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन मुलांना जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. तरी खटला चालला आणि मुख्य आरोपी दारा सिंगची जन्मठेप 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. क्षमा करणाऱ्याने सूड सोडला. न्यायालयाचे काम न्यायालयाने केले.

मात्र नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘क्षमा कर’ म्हणत पुन्हा त्याच घरात धाडणारे असतात, हे नाकारून चालणार नाही. तिथे कबुली द्यायची त्याने, पण ओझे तिच्या डोक्यावर! अशी सक्तीने वसूल केलेली क्षमा येशूच्या शिकवणीत बसत नाही. भावाचा आपल्यावर राग आहे हे आठवले, तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेटाला जा, असे त्याने सांगितले. पहिले पाऊल अपराध्याने टाकायचे आहे. म्हणून कबुली द्यायला आलेल्याला आधी एवढेच विचारावे: ज्याचे घेतलेस, त्याच्या दारी जाऊन आलास का?