नुसते कुरण पुरणार नाही



‘गाडीचे घोडे मोकळ्या रानात सोडा, चरून जगतील’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच पटत नाही. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा घोडे आणि गाडीवान, दोघांच्याही पुनर्वसनाची योजना आखायला सरकारला सांगितले. ते रास्तच होते. नीट सांभाळलेला घोडा २५ वर्षांहून अधिक जगतो. पण त्याच्या दाढांना धार येते. वेळच्या वेळी कानस फिरवली नाही तर गाल सोलतात, चारा चावता येत नाही. दर ६ ते ८ आठवड्यांनी खूर कापावे लागतात. पोटशूळ उठला तर डॉक्टर ताबडतोब हवा. हे सारे ओळखणारी नजर जुन्या गाडीवानाकडे असते. प्राण्यांच्या आश्रयस्थानांनी त्यालाच पगारी नोकरीवर घ्यावे.

— एक वाचक, गिरगाव